शिक्क्याला उलटा शिक्का हे उत्तर नाही

मुलांना नावं ठेवणारी माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात. आत्या लाडानेच "आमचा आळशी गोळा" म्हणते. वर्गात गडबड असते, बाई "ए बडबड्या, गप्प बस" म्हणून पुढे जातात. शेजारच्या काकू सहज विचारतात, "ही जरा हळूच आहे का हो?" कुणालाच मुलाचं वाईट करायचं नसतं. पण एकच विशेषण चार तोंडांतून ऐकलं की मूल ते खरं धरून चालतं आणि पुढे त्याला साजेसं वागायला लागतं.

अशा वेळी आईवडील साधारण दोन गोष्टी करतात. काही जण कसनुसं हसून दुजोरा देतात, "हो ना, पहिल्यापासून असाच आहे." काही जण उसळून उलटा शिक्का मारतात, "कोण म्हणतं मंद? माझं बाळ सगळ्यांत हुशार आहे!" पहिल्यातलं नुकसान कुणालाही कळतं. दुसरं मात्र प्रेमापोटी होतं, म्हणून त्याकडे संशयाने कुणी बघत नाही. वर्गात रोज अडखळणाऱ्या मुलाला घरी "तू सगळ्यांत हुशार" ऐकवलं, की घरचे खरं बोलत नाहीत एवढं त्याला नक्की कळतं. शिक्का उतरतो तो तपशिलाने: नेमकं काय घडलं, कुठे, केव्हा, आणि पुढच्या वेळी काय करायचं.

यामागे निरीक्षणं आहेत. सुसान गेलमन आणि गेल हेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1999 साली पाच आणि सात वर्षांच्या मुलांना एका मुलीबद्दल सांगितलं. काहींना सांगितलं की ती जमेल तेव्हा गाजरं खाते, काहींना सांगितलं की ती "गाजर-खाऊ" आहे. माहिती जवळजवळ तीच. पण नाव दिलेलं ऐकणाऱ्या मुलांना वाटलं की ती मोठेपणीही तशीच राहील, घरच्यांनी विरोध केला तरी खातच राहील. म्हणजे एखाद्या वागण्याला नाव मिळालं की ते कायमचं आहे, आतलं आहे, असं इतकी लहान मुलंही धरून चालतात.

चांगल्या शिक्क्याचंही तेच होतं. आंद्रेई सिम्पियन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये चार वर्षांच्या मुलांसोबत बाहुल्यांच्या खेळातून हे पाहिलं. चित्र काढल्यावर काहींना "तू छान चित्रकार आहेस" या धर्तीची शाबासकी मिळाली, काहींना "हे चित्र तू छान काढलंस" अशी. सगळं नीट चाललं होतं तोवर दोन्ही गट सारखेच खूश होते. चित्रात चूक दाखवल्यावर फरक दिसला. "चित्रकार" ठरवलेली मुलं जास्त हिरमुसली आणि पुन्हा चित्र काढायला तितकीशी तयार नव्हती. चूक चित्रात होती, पण त्यांच्या लेखी तो त्यांच्या चित्रकार असण्यावरच आलेला डाग होता.

आपल्या भाषेत यासाठी एक सोपी तपासणी करता येते. मुलाबद्दलचं वाक्य "आहेस" किंवा "आहे" वर संपतंय, की कृती सांगणाऱ्या क्रियापदावर? "तू वेंधळा आहेस" आणि "ग्लास कडेला ठेवलास म्हणून पडला" यांतल्या दुसऱ्या वाक्यात पुढच्या वेळी काय करायचं तेही येऊन गेलं. दुसरी खूण म्हणजे शेवटाला चिकटणारा "च": असाच, नेहमीच, कधीच. तो काढला की निम्मं काम होतं. जिथे "जमत नाही" येतं तिथे "अजून" घालायचा. हे बोलायला कृत्रिम वाटतं, पहिले काही दिवस तर फारच. तरी दिवसातली सगळी वाक्यं बदलायला जाऊ नका, दोन दिवसांत कंटाळा येतो. घरात सगळ्यांत जास्त वापरलं जाणारं एकच विशेषण निवडा आणि फक्त त्याच्यामागे लागा.

लोकांसमोर, त्या दहा सेकंदांत

कुणी मुलासमोर शिक्का मारला की मूल समोरच्या माणसाकडे नाही, तुमच्याकडे बघतं. तुमचं उत्तर खरं तर त्याच्यासाठी असतं. म्हणून ते लहान, शांत आणि नेहमीच्या आवाजात हवं. "लाजाळू आहे का हो?" याला "नवीन माणसांशी बोलायला त्याला थोडा वेळ लागतो, येईल जरा वेळाने" एवढं पुरतं. लगेच विषय बदला. यात क्षमा मागण्याचा सूर नको आणि लगोलग "बोल ना काकांशी, सांग नाव!" असा हुकूमही नको. त्या हुकुमाने मूल पुन्हा सगळ्यांच्या नजरेत येतं आणि तुमचं आधीचं वाक्य वाया जातं.

"हट्टी आहे" याला "ठरलेलं अचानक बदललं की त्याला जड जातं." "रडूबाई" याला "आत्ता तिला वाईट वाटलंय." "अभ्यासात मंद आहे वाटतं" याला "वाचनावर काम चालू आहे, गणित स्वतःचं स्वतः करते." प्रत्येक उत्तरात खरी गोष्ट आहे, लपवाछपवी नाही. एक मात्र सांभाळा. हेच वाक्य दर भेटीत ऐकवायला लागलात तर "वेळ लागणारा" हा नवा शिक्का तयार होतो. दोनदा सांगून झालं की तिसऱ्यांदा नुसतं हसून मुलाला हाताशी काही काम द्या.

दिसण्यावरचे शेरे याला अपवाद. जाडी, रंग, उंची, दात यांवर समजावणीचं उत्तर द्यायचंच नाही. "तिच्या दिसण्यावर नको बोलूया" म्हणून दुसरं काही काढायचं. "वाढत्या वयात कमी होईल" असं उत्तर दिलंत तर बोलणाऱ्याचा मुद्दा मान्यच केलात. वजनावरून टोकणारे "तिच्या भल्यासाठीच बोलतोय" म्हणतात. 2014 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या दीर्घकालीन अभ्यासातून दिसलं ते उलट होतं. दहाव्या वर्षी ज्या मुलींना "जाड" म्हटलं गेलं होतं, त्या एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याची शक्यता जास्त होती, आणि दहाव्या वर्षीचं त्यांचं मूळ वजन हिशेबात धरूनही हा फरक उरत होता.

घरातल्या मोठ्यांशी सगळ्यांसमोर वाद घालू नये, यात शिष्टाचाराइतकाच व्यवहारही आहे. आजी आणि आई आपल्यावरून भांडतायत हे दृश्य मुलाला शिक्क्यापेक्षा जड जातं. समोर एक छोटं वाक्य, आणि खरं बोलणं नंतर, एकांतात. तिथेही "असं म्हणत जाऊ नका" एवढ्यावर थांबलात तर काही बदलत नाही, कारण त्या जागी काय म्हणायचं ते त्यांना मिळत नाही. बदली वाक्य हातात द्या: "आई, तुम्ही वेंधळा म्हणालात की तो पुढे तासभर काही उचलायलाच तयार होत नाही. त्याऐवजी ‘दोन्ही हातांनी धर’ म्हणाल का?" कारण, परिणाम आणि पर्याय, तिन्ही आले. वर्षानुवर्षांची सवय एका बोलण्यात जाणार नाही. दहातल्या चार वेळा जरी बदल झाला तरी पुष्कळ समजा. ज्यांना काही सांगून उपयोग नाही अशी एखादी व्यक्ती प्रत्येक कुटुंबात असतेच. तिथे मुलालाच आधी सांगून ठेवावं, "ते असं बोलतात, आपण त्यावर नंतर बोलू."

"सगळे मला ढ म्हणतात"

मूल शिक्का घेऊन घरी येतं तेव्हाची पहिली दोन मिनिटं फार महत्त्वाची असतात, आणि नेमकी तीच वाया जातात. "कोण म्हणालं, नाव सांग आधी!", "लक्ष नको देऊस", "तू तर किती हुशार आहेस!" या तिन्ही उत्तरांनी संभाषण बंद होतं. पहिल्याने मुलाला वाटतं की आता भांडण होणार, दुसऱ्याने वाटतं की आपल्याला लागलंय हेच चुकीचं आहे. तिसऱ्याबद्दल वर सांगितलंच आहे.

आधी त्याचंच वाक्य परत म्हणा: "ढ म्हणाले. ते लागलं तुला." आणि थांबा. हे थांबणं अवघड असतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांचं निरीक्षण केलं तेव्हा दिसलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादा सेकंदच थांबतात. ती वेळ तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांब आणि जास्त विचारपूर्वक येऊ लागली, आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. घरी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा.

मग तपशील. "सगळे" म्हणजे कोण? बहुधा एक किंवा दोन नावं निघतात. त्याआधी काय चाललं होतं? समजा, मोठ्याने वाचताना जोडाक्षरापाशी अडखळला आणि मागून कुणीतरी म्हणालं. आता अख्ख्या "ढ"चा आकार केवढा उरला? जोडाक्षरांएवढा. इथे मुलाला विचारा, "यातलं खरं केवढं आहे?" पालक हा प्रश्न टाळतात, कारण मूल "सगळंच" म्हणेल अशी भीती असते. म्हणालं तर म्हणू द्या, आणि गेल्या आठवड्यातल्या दोन-तीन घटना समोर ठेवा: परवा वजाबाकीत हातचा कुठे चुकला ते तूच शोधलंस, काल खेळाचे नियम धाकट्याला तू समजावलेस. विशेषण नको, घटना सांगा. शेवटी उद्यासाठी एकच कृती ठरवा. उद्याचा धडा आज दोनदा वाचायचा आणि अडणाऱ्या पाच शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची, बस.

हे सगळं दहा मिनिटांत संपवा. समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून विचारलं की मुलं मिटतात. कपड्यांच्या घड्या घालताना किंवा चालता चालता, म्हणजे दोघांची नजर दुसरीकडे असताना, बोलतात. झोपायच्या वेळी मुलानेच विषय काढला तर ऐका, पण उपाय सकाळी. आणि बोलायचंच नसेल तर "कधी वाटलं तर सांग" म्हणून सोडून द्या. उकरून काढलेलं बोलणं बहुतेक वेळा खोटं निघतं.

वयाप्रमाणे हे बदलतं. सहा-सात वर्षांच्या आतलं मूल स्वतःची इतरांशी फारशी तुलना करत नाही, त्याला चर्चा नको असते. बाहुल्या घेऊन तोच प्रसंग खेळा, त्यात शिक्का मारणाऱ्याचं काम मुलाला करू द्या. सात-आठ वर्षांनंतर तुलना जोरात सुरू होते आणि तपशिलाची गरजही. मुलींच्या बाबतीत जरा आधीपासून सावध राहावं. लिन बियान आणि सहकाऱ्यांच्या 2017 च्या अभ्यासात पाच वर्षांची मुलगे आणि मुली दोघंही आपापल्या गटाला "खूप खूप हुशार" मानत होती, पण सहाव्या वर्षी मुली आपल्या गटाबद्दल तसं म्हणायला कचरू लागल्या होत्या. किशोरवयीन मुलांना मात्र आधी विचारावं, "सल्ला हवाय की नुसतं ऐकू?" त्यांचं उत्तर जवळजवळ नेहमी "नुसतं ऐक" असंच असतं.

पुरावा गोळा करणं

आत्मविश्वास बोलून येत नाही. आपण अमुक एक गोष्ट केली, याच्या आठवणी साठत जातात तसा तो येतो. सगळ्यांत जास्त ऐकू येणारा शिक्का घेऊ, बुजरेपणाचा.

आधी एक मान्य करू, की स्वभाव असतो. 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी मुलांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. त्यात सुमारे 15 टक्के मुलं हळूहळू खुलणारी निघाली: नव्या माणसांपासून, नव्या जागेपासून आधी मागे सरायची, पण रेटलं नाही तर आपल्या गतीने सामील व्हायची. मूल कसं वाढतं हे त्याच्या स्वभावाइतकंच घर आणि शाळा त्या स्वभावाशी कितपत जुळवून घेतात यावर ठरतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. त्यामुळे बुजऱ्या मुलाला बोलघेवडं करणं हे ध्येय ठेवू नका. गरजेपुरतं बोलता येणं पुरे.

समजा, वर्गात हात वर करायचा आहे. त्याच्या पायऱ्या पाडायच्या. घरी उत्तर मोठ्याने म्हणणं. मग एका मित्रासमोर म्हणणं. मग शाळेत पाच मिनिटं आधी जाऊन रिकाम्या वर्गात बाईंशी एक वाक्य बोलणं. मग बाईंनी आदल्या दिवशी सांगून ठेवलेल्या एकाच प्रश्नाचं वर्गात उत्तर देणं. शेवटी आठवड्यातून एकदा स्वतःहून हात वर करणं. प्रत्येक पायरीच्या आधी मुलाला विचारा, "शून्य ते दहात भीती किती?" सातच्या वरचा आकडा आला तर पायरी मोठी झाली, तिचे दोन भाग करा. एकच पायरी तीन ते पाच वेळा करून आकडा तीनपर्यंत खाली आला की पुढची. मधे आठवडाभर खंड पडला तर एक पायरी खाली उतरून सुरू करा, नाहीतर मूल पहिल्याच प्रयत्नात माघार घेतं.

हे फसतं ते बहुतेक मोठ्यांमुळे. मूल अडलं की आई मधेच उत्तर देऊन टाकते. त्या क्षणी सुटका होते आणि मूल शिकतं की गप्प राहिलं की सुटतो. किंवा मूल बोललं की बाबा टाळ्या वाजवतात, "बघा बघा, बोलला!" बुजऱ्या मुलाला सगळ्यांची नजर हीच तर शिक्षा वाटते, त्यामुळे ते पुन्हा बोलायचं टाळतं. घरी परतताना हळूच "आज तू आधी श्वास घेतलास आणि मग बोललास, ते पाहिलं मी" एवढं पुरे.

एक वही ठेवता येते. आठवड्यातून दोनदा, तीन ओळी: काय अवघड होतं, काय केलं, काय कामाला आलं. मूल सांगेल ते मोठ्यांनी जसंच्या तसं लिहायचं, लिहिता येत असेल तर त्यानेच. यात पालक हमखास "शाब्बास!" आणि "हुशार!" लिहायला लागतात. ते नको. फसलेले प्रयत्नही लिहायचे, कारण अवघड दिवसाच्या आदल्या संध्याकाळी तीच पानं उपयोगी पडतात, "मागच्या वेळीही पहिल्यांदा जमलं नव्हतं." वहीचा गृहपाठ झाला आणि मूल टाळायला लागलं, तर खुशाल बंद करा.

याच्या जोडीला घरातलं एक खरं काम मुलाकडे द्या. मुलाने ते केलं नाही तर घराचं अडेल असं, नुसतं मदत केल्यासारखं नको. झाडांना पाणी, उद्याचे कपडे काढून ठेवणं, वयाप्रमाणे काहीही. आणि केलेलं काम त्याच्यासमोर पुन्हा नीट करू नका. एका हालचालीत तुम्ही "तुला जमत नाही" म्हणून जाता.

शाबासकीची मात्रा

क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक यांनी 1998 मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेले प्रयोग पुष्कळांना माहीत असतात, पण त्यातला सगळ्यांत बोलका भाग सहसा सांगितला जात नाही. काही मुलांना बुद्धीबद्दल शाबासकी मिळाली, काहींना मेहनतीबद्दल, मग मुद्दाम अवघड कोडी दिली. बुद्धीची शाबासकी मिळालेली मुलं नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली. आणि आपले गुण दुसऱ्या शाळेतल्या अनोळखी मुलाला कळवायला सांगितल्यावर त्यांच्यातल्या जवळजवळ 40 टक्के मुलांनी ते वाढवून लिहिले. "हुशार" हा शिक्का सांभाळण्यासाठी ती खोटं बोलली. गुणपत्रिका लपवणाऱ्या मुलाला ओरडण्याआधी घरात हा शब्द किती वापरला जातो ते पाहावं.

पण म्हणून उठसूट मेहनतीचं कौतुक करणंही चालत नाही. नापास झालेल्याला "मेहनत मात्र केलीस हं" म्हटलं की त्याला ऐकू येतं, "तुझी धाव एवढीच." कौतुक पद्धतीचं करा, आणि पद्धत चुकली असेल तर तेही सांगा. तसंच फुगवलेलं कौतुक. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं की ज्या मुलांचं स्वतःबद्दलचं मत आधीच खालावलेलं आहे, त्यांना "अप्रतिम, विलक्षण" म्हटलं की ती पुढचं अवघड काम टाळतात. मोठे लोक नेमकं अशाच मुलांचं कौतुक फुगवून करतात.

आणि "मला जमेल" लिहिलेली भित्तिपत्रकं भिंतीवर लावून फार काही होत नाही. प्रयत्नाने बुद्धी वाढवता येते, या विचारावर अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या देशव्यापी प्रयोगात मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या, साधारण चारपैकी मोजल्या जाणाऱ्या, सरासरी गुणांकात 0.10 ची वाढ दिसली. खरी, पण छोटी.

शाळेत भेटायला जाताना

आधी मुलाचा जन्ममहिना बघा. हे विचित्र वाटेल, पण प्रवेशाच्या तारखेमुळे एकाच वर्गात जवळजवळ वर्षभराचं अंतर असलेली मुलं शेजारी बसतात. पाच-सहा वर्षांच्या वयात ते फार मोठं अंतर आहे. अमेरिकेत 1 सप्टेंबर ही प्रवेशाची तारीख असलेल्या राज्यांत, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांमध्ये एडीएचडीचं (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या अडचणीचं) निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा 34 टक्के जास्त आढळलं, असं 2018 चा एक अभ्यास सांगतो. ज्याला आपण "चंचल" म्हणतो तो कधी कधी फक्त अकरा महिन्यांनी लहान असतो.

भेटीत तक्रारीने सुरुवात केली की समोरचा बचावात जातो. "तो वर्गात कुठे अडतो ते समजून घ्यायचंय" असं म्हणा आणि विशेषण आलं की मोजमाप विचारा. "लक्ष नसतं" म्हणजे दिवसातून किती वेळा? कोणत्या तासाला? त्याआधी काय चाललेलं असतं? कोणत्या कामात लक्ष टिकतं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत कामाचं असतं. निघताना एक-दोनच गोष्टी मागा: जागा बदलणं, रोजचं एक ठरलेलं काम देणं. चार आठवड्यांनी पुन्हा भेटायचं तिथल्या तिथे ठरवा.

काही शिक्के मात्र खऱ्या अडचणीवर बसलेले असतात, आणि तिथे नुसता आत्मविश्वास वाढवत बसलं तर वेळ जातो. "ऐकतच नाही" म्हणतात त्या मुलाचे कान तपासा. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे द्रव साठून काही आठवडे कमी ऐकू येणं लहान वयात सर्रास होतं. फळ्यावरचं उतरवून घेताना चुकणाऱ्याचे डोळे. बोलणं चांगलं, समज चांगली, पण वाचन-लेखन वयाच्या मानाने फार मागे असेल तर डिस्लेक्सियाची तपासणी. घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत महिनाभराहून जास्त एक शब्दही बोलत नसेल (शाळेचा पहिला महिना सोडून), तर त्याला बुजरेपणा म्हणून सोडू नका, बालमानसतज्ज्ञांना दाखवा. बोलताना अडखळणं बहुतेक मुलांत दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं आणि सुमारे तीन चतुर्थांश मुलांत आपोआप जातं. पण सहा महिने टिकलं, घरात कुणाला असेल, किंवा बोलताना चेहरा आवळला जात असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञ गाठा. तोवर त्याचं वाक्य पूर्ण करू नका आणि "हळू बोल" म्हणू नका, आपणच हळू बोला. अंथरूण ओलं करणं पाच वर्षांच्या साधारण 15 टक्के मुलांत असतं. त्याला "घाणेरडा" म्हणणं हा अन्याय आहे, कारण ते झोपेत होतं.

निदान हाही शिक्काच नाही का, असं पालक विचारतात. फरक हा की निदानानंतर काय करायचं ते ठरतं. "आळशी" नंतर काहीच ठरत नाही, फक्त ओरडा वाढतो. मुलाला सांगताना तीन गोष्टी सांगा: हे काय आहे, यात काय मोडत नाही (बुद्धी कमी असणं, तुझी चूक असणं), आणि कशाने सोपं होईल.

भावंडं आणि वर्गातली चिडवाचिडवी

"ताई अभ्यासू, दादा खेळाडू" ही वाटणी घरच्या घरी होते आणि दोन्ही मुलांना अर्ध्यात ठेवते. ताई मैदानावर जात नाही, दादा पुस्तक उघडत नाही, कारण ती जागा आधीच भरलेली असते. "शहाणी, समजूतदार मोठी मुलगी" हा सगळ्यांत गोड शिक्का, आणि ती स्वतःला त्रास होतोय हे वर्षानुवर्षं सांगत नाही. तिला अधूनमधून मुद्दाम जबाबदारीतून मोकळं करा.

चिडवण्याला उत्तर घरी तयार करून ठेवता येतं. ते तीन-चार शब्दांचं हवं, रडका किंवा चिडका आवाज नको: "बरं. पुढे?" किंवा "माझं नाव घेऊन बोल." तुम्ही चिडवा, मुलाने म्हणावं आणि वळून चालायला लागावं, असं पाच-सहा वेळा करा. मग अदलाबदल. मुलं यात हसायला लागतात, ते चांगलंच. विनोदी, टोचणारं उत्तर शिकवू नका, नेमक्या वेळी ते आठवत नाही आणि आठवलं तर भांडण वाढतं.

एकटं मूल तोंडाने चिडवत असेल तेव्हाच हे चालतं. गट असेल, रोज होत असेल, धक्काबुक्की असेल किंवा मोबाइलवर चालू असेल, तर "तूच उत्तर दे" म्हणणं म्हणजे मुलाला एकटं सोडणं. तारीख, जागा, कोण, नेमके शब्द, हे लिहून ठेवा, मोबाइलवरचं असेल तर स्क्रीनशॉट घ्या, आणि शाळेला लेखी द्या. समोरच्या मुलाच्या आईवडिलांना रागात फोन करण्याने फार क्वचित काही सुटतं. दोन्ही घरं आपापल्या मुलाची बाजू घेतात आणि मुलं वर्गात आणखी अडकतात.

स्वतःच्या बोलण्यातली सगळ्यांत निसटती जागा म्हणजे फोन. मूल शेजारच्या खोलीत असतं आणि आपण मावशीला सांगत असतो, "अगं, याचं काही खरं नाही." समोर बोललेल्यापेक्षा हे त्याला जास्त खरं वाटतं, कारण ते त्याला ऐकवण्यासाठी बोललेलं नसतं. हेच उलटंही चालतं. मुलाने निस्तरलेली एखादी गोष्ट त्याला ऐकू जाईल अशा बेताने, तपशिलासह, फोनवर सांगावी. आणि रागाच्या भरात तोंडून शिक्का गेलाच तर त्याच दिवशी मागे घ्यावा: "मघाशी मी तुला निष्काळजी म्हणाले. खरं तर दप्तर दारात पडलं होतं म्हणून मी चिडले." "पण तूही..." हे त्याला जोडू नये.

फरक दिसायला आठवडे नाही, महिने लागतात आणि तो भलतीकडेच दिसतो. मूल अचानक धीट होत नाही. ते आधी मदत मागायला लागतं, मग "मला भागाकारातलं हे एवढंच येत नाही" असं नेमकं सांगायला लागतं, आणि एक दिवस तुमच्याच तोंडून "नेहमीच" आलं तर "नेहमी नाही, काल केलं होतं" म्हणून वाद घालतं. हा उद्धटपणा म्हणून दाबू नका. याउलट दोन आठवड्यांहून जास्त काळ शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखत असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडीचे खेळही सुटले असतील, तर समुपदेशक किंवा बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. "मी नसतोच तर बरं" अशा अर्थाचं काही मूल बोललं, थट्टेत का होईना, तर वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, आणि तोवर त्याला एकटं ठेवू नका.